पाठमोरे अण्णा

मॅच सुरू झाली की आमचे मॅनेजर मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत. खाकी हाफपँट, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात मागे बांधलेले आणि तोंड आमच्याकडे, म्हणजे प्रेक्षकांकडे. गोल आपला झाला की आपल्यावर झाला, हे ते आमच्या चेहऱ्यांवरून वाचायचे. एका नव्या खेळाडूने पाठमोरे हे त्यांचं आडनावच समजून त्यांना तशी हाक मारली आणि तेव्हापासून अख्ख्या कासारवाडीत ते पाठमोरे अण्णा झाले. त्यांचं खरं आडनाव मला फार उशिरा कळलं, तेही एका कागदावरून.

असं का करता, म्हणून विचारलं तर म्हणत, “आठवडाभर मी त्यांच्याकडे बघतो. रविवारी बघायचं काम तुमचं.” खरं कारण आम्हाला ठाऊक होतं. त्यांना बघवायचं नाही. एकदा खडकीच्या मैदानावर पलटणीच्या टीमविरुद्ध आम्हाला पेनल्टी मिळाली, तेव्हा अण्णांनी पाठ तर केलेली होतीच, वर डोळेही गच्च मिटून घेतले. गोल झाला तरी उघडायला तयार नव्हते. शेवटी सायकलवाल्या करीमभाईंनी त्यांचा दंड धरून हलवलं.

अण्णा देहूरोडच्या लष्करी डेपोत कारकून होते. तिथल्या गोऱ्या सोल्जरांचा खेळ बघून ते फुटबॉल शिकले. गोरे गेले, खेळ अण्णांपाशी राहिला. कासारवाडीत भाड्याच्या एका खोलीत ते राहत आणि त्याच खोलीत आमच्या पवना इलेव्हनचा बॉल, शिट्टी, जर्सीची ट्रंक आणि क्लबचा रबरी शिक्का राहत असे. पोरं अनवाणी खेळायची. गोलपोस्ट म्हणजे बाभळीचे दोन खांब आणि वर बांधलेली सुंभाची दोरी. एवढ्या भांडवलावर आम्ही दोन वर्षं लागोपाठ पलटणीच्या टीमला पाणी पाजलं होतं. तिसऱ्या वर्षी हरायला लागलो आणि करीमभाईंच्या दुकानात गर्दी वाढली.

हे दुकान म्हणजे आमचं न्यायालय. रविवारी संध्याकाळी बॉलमध्ये हवा भरायच्या निमित्ताने सगळे जमायचे आणि टीमची चिरफाड करायचे. सर्वांत मोठा आवाज तात्यांचा. ते गावातले जुने, दुधाचा धंदा करणारे. उभ्या आयुष्यात त्यांनी चेंडूला पाय लावला नव्हता, पण सेंटर हाफ कोण असावा यावर त्यांचं मत म्हशीच्या वाणाबद्दलच्या मताइतकंच पक्कं असायचं. मीही त्यांच्यातलाच. मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरी बसलेलो, वडील रेल्वेत गँगमन, खायचं त्यांचं आणि बोलायचं मी. तोंडाने मी कुठल्याही जागी खेळू शकायचो.

त्या न्यायालयात अण्णांवरचा पहिला गुन्हा दाखल झाला तो असा. आमचा सेंटर फॉरवर्ड दगडू याने अटीतटीच्या मॅचमध्ये गोल केला. रेफ्रीने गोल दिला, आम्ही टोप्या उडवल्या. दगडू पळत अण्णांपाशी आला, पण त्यांच्या नजरेला नजर देईना. अण्णांनी विचारलं, “हात लागला?” दगडूने मान खाली घातली. अण्णा त्याला मनगटाला धरून रेफ्रीकडे घेऊन गेले आणि गोल रद्द करून आले. आम्ही ती मॅच हरलो. त्या संध्याकाळी मॅच न बघणाऱ्या माणसाला हात दिसतो कसा, यावर आम्ही दोन तास घालवले.

मग पिंपरीला नवी कंपनी उभी राहिली. भिंती सुकायच्या आधी तिने फुटबॉलची टीम काढली आणि चांगल्या खेळाडूला नोकरी द्यायला सुरुवात केली. अट एकच, कुठल्या तरी क्लबच्या मॅनेजरचं पत्र हवं. आधी आमचा गोलकीपर पास्कल गेला, महिन्याभराने दगडू, मग दोन्ही बॅक. दर वेळी पत्र अण्णांचं. नुसतं पत्र नाही, अर्जही तेच भरून द्यायचे, आणि मुलाखतीला जाताना आपला इस्त्रीचा शर्टही द्यायचे. विचारलं तर म्हणायचे, “मॅच दर रविवारी असते. नोकरी एकदाच येते.” आणि फारच छेडलं तर, “तिशीनंतर पाय थकतात. पोट थकत नाही.”

उरलेली टीम म्हणजे नुसती खोगीरभरती. पाच गोल, चार गोल, मग सहा. तात्या तर पेटलेच. “ह्यो म्यानेजर हाय का भरती अधिकारी?” ते म्हणायचे. “आमी पोरं वाढवायची आन् ह्यानं कंपनीला वाटायची व्हय?” एकटे करीमभाई पंप मारता मारता म्हणाले, “बॉलमें हवा मैं भरता. पेटमें कौन भरेगा, तुम?” त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही असं दाखवलं, कारण त्याच आठवड्यात मी गुपचूप अण्णांच्या खोलीवर जाऊन आलो होतो. मला कंपनीत टाइम ऑफिसातली, हजेरी लिहिण्याची जागा हवी होती, आणि खेळाडू असल्याशिवाय आत पाऊल पडत नव्हतं. अण्णांनी विचारलं, “कुठल्या जागी खेळतोस?” मी म्हटलं, “करीमभाईंच्या दुकानात.” ते खूप हसले. खोटं ते लिहिणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून मी उठायलाच लागलो. तेव्हा ते म्हणाले, “बस. उजाडताना मैदानावर येत जा, तीन आठवडे. पास्कल गेल्यापासून राखीव गोलकीपर कुणी नाही. जे दिसेल ते मी लिहीन.”

ते तीन आठवडे मी कुणाला सांगितले नाहीत. गवत दवाने ओलं असायचं, चेंडू भिजून धोंड्यासारखा जड व्हायचा, आणि त्याच्या चामडी नाडीची गाठ छातीवर बसली की डोळ्यांत पाणी यायचं. समोर पन्नाशीचे अण्णा, अनवाणी, डेपोत जायच्या आधी अर्धा तास मला चेंडू मारत. मी अंग चोरायचो. ते ओरडत नसत. “आधी श्वास घे. मग चेंडूकडे बघ,” म्हणत. आणि एकदा हसून म्हणाले, “गोलकीपरने चेंडूला पाठ दाखवायची नसते. ते काम मॅनेजरचं.” खेळाडू सोडले तर, अण्णांना मैदानाकडे तोंड करून उभं राहिलेलं पाहणारा त्या वर्षी तरी मी एकटाच होतो. तिसऱ्या आठवड्यात मी हटायचा थांबलो. शनिवारी ते म्हणाले, “उद्या मॅच आहे. सोमवारी ये, पत्र देतो.”

त्या रविवारी आम्ही आठ गोलांनी हरलो, आणि संध्याकाळी शाळेच्या पडवीत तात्यांनी सभा बोलावली. चाळीसेक माणसं जमली. अण्णांना काढायचं हे ठरलेलंच होतं, फक्त कुणीतरी व्यवस्थित बोलायला हवं होतं. तात्या माझ्याकडे वळले. “तू बोल. तुला बोलाया येतं.”

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. घसा बसलाय म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी गप्प बसलो तर का बसला असं कुणी विचारील, आणि पुढचा जाणारा मीच हे बाहेर फुटेल, या भीतीने मी उभा राहिलो. भीतीने उभा राहिलो हे खरं, पण पहिल्या टाळ्या पडल्यावर मला मजा वाटायला लागली, हेही तितकंच खरं. ज्याचं मैदानाकडे तोंड नाही त्याचं मनही तिथे नाही, असं मी म्हणालो. क्लब म्हणजे काही नोकऱ्यांचं दुकान नव्हे, असं म्हणालो. आणि शेवटी, कुणी सांगितलेलं नसताना, म्हणालो की एवढी माणसं पुरवल्याबद्दल कंपनीकडून अण्णांना काय मिळतं, ते त्यांनी सभेला सांगावं. हे वाक्य लिहिताना आजही माझी कानशिलं तापतात.

अण्णांना एका वाक्यात मला खाली बसवता आलं असतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, “मुद्दे बरे मांडलेस. फक्त घाई करतोस. श्वास घ्यायला थांबत जा.” लोकांना तो टोमणा वाटला. मला तो काय होता ते कळलं.

मत घ्यायची वेळ आली तेव्हा ते उठले. “हात वर करा. मी बघत नाही,” म्हणाले आणि भिंतीवरच्या बाराखडीच्या तक्त्याकडे तोंड करून उभे राहिले, हात मागे बांधून, मॅचमध्ये उभे राहायचे तसेच. करीमभाईंचे दोन्ही हात मांडीवर होते. त्या गर्दीत माझाही हात खाली राहिला असता तर कुणाच्या लक्षात आलं नसतं. तो इतरांच्या आधी वर गेला.

खोलीतली ट्रंक, बॉल आणि शिट्टी त्यांनी त्याच संध्याकाळी आणून दिली. तात्यांनी शिक्का मागितला. “शिक्का उद्या देतो. एक काम राहिलंय.” तात्या म्हणाले, “आता आनि कुणाला धाडायचंय?” सगळे हसले. मीही हसलो.

सोमवारी उजाडताना मी अंथरुणात जागा पडून होतो. मैदानावर गेलो नाही. दुपारी तात्यांनीच दुकानात सांगितलं की दूध घालून येताना त्यांना अण्णा दिसले, गोलपोस्टसमोर एकटेच उभे होते, काखेत स्वतःचा जुना बॉल. “डोस्कं फिरलं जनू,” तात्या म्हणाले. पत्र आणायला मी गेलोच नव्हतो, तरी पंधरा दिवसांनी मला कंपनीचं बोलावणं आलं. घरात आईने देवापुढे साखर ठेवली. नोकरी वडिलांच्या रेल्वेतल्या ओळखीने लागली असं मी दुकानात सांगितलं, आणि लोकांनी ते मानलं.

कंपनीच्या मैदानावर चाचणी झाली. पहिले दोन चेंडू मी अण्णांनी शिकवल्याप्रमाणे छातीवर घेतले. तिसऱ्याला पडलो, गुडघा सोलवटला, आणि त्या गुडघ्याच्या नावाखाली पुढे कधीच खेळलो नाही. टाइम ऑफिसात मात्र चिकटलो. इकडे तात्या मॅनेजर झाले. ते मॅच बघायचे, अगदी ओरडून ओरडून बघायचे. वर्षभरात पवना इलेव्हन बंद पडली.

अण्णा देहूरोडहून सायकलने परतायचे तेव्हा माझी शिफ्ट सुटायची. हमरस्त्यावर लांबून पांढरा शर्ट दिसला की मी गल्लीत वळायचो. एकदा मात्र करीमभाईंकडे पंक्चर काढायला थांबलो असताना ते समोर येऊन उभे राहिले. “काय गोलकीपर, बरं चाललंय ना?” हळूच म्हणाले, करीमभाईंना ऐकू जाणार नाही इतकं हळू. मी हो म्हटलं. ते गेले नाहीत, थोडा वेळ तिथेच थांबले, मला बोलायला सवड देत असल्यासारखे. मी चाकाच्या तारांकडे बघत राहिलो. ‘अण्णा, चुकलो’ एवढंच म्हणायचं होतं. पंक्चर निघालं, अण्णाही गेले.

पुढच्या वर्षी त्यांची जबलपूरच्या डेपोत बदली झाली. निरोप द्यायला स्टेशनवर जायचं म्हणून दगडू, पास्कल आणि दोघे बॅक माझ्याकडे अर्ध्या दिवसाचे गेटपास मागायला आले. चौघांचे पास मीच लिहिले. “तुझा?” पास्कलने विचारलं. मी म्हटलं, काम आहे. दुसऱ्या दिवशी दगडू सांगत होता की गाडी हलली तरी अण्णा दारात तोंड बाहेर काढून उभे होते, दिसेनासे होईपर्यंत. पाठ केली नाही म्हणे. जबलपूरहून ते पुन्हा इकडे आले नाहीत. काही वर्षांनी तिकडेच वारल्याचं करीमभाईंकडून कळलं.

मी त्या कंपनीत अडतीस वर्षं काढली. मुलांची शिक्षणं, लग्नं, हे घर, सगळं तिथलंच. निवृत्त होताना माझी फाइल तपासायला शेजारच्या टेबलावरचे कुलकर्णी बसले होते. तळाचा एक पिवळा पडलेला कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला. वळणदार इंग्रजीत चार ओळी, खाली पवना इलेव्हनचा शिक्का, पहिल्यांदाच पाहिलेलं अण्णांचं पूर्ण नाव, आणि तारीख त्या सभेनंतरच्या सोमवारची. लिहिलं होतं: हा आमचा राखीव गोलरक्षक. नवखा आहे. चेंडू अंगावर घेतो. पाठ दाखवत नाही.

“तुम्ही गोलकीपर होता?” कुलकर्ण्यांनी चष्मा वर करून विचारलं. “कधी बोलला नाहीत.”

“तीन आठवडे,” मी म्हणालो.