स्कॉटलंडची फाइल

जर्मनीत आखन शहरात ऑफिसला जाताना सिटी बसमध्ये रोज एक निवृत्त जर्मन गृहस्थ माझ्या शेजारी बसायचे. मांडीवर जाडजूड फाइल. स्कॉटलंडच्या दूरदूरच्या बेटांची सहल! बोटींच्या, बसच्या वेळा पेन्सिलीने लिहिलेल्या. दरवर्षी नवं वेळापत्रक आलं की जुन्या खोडायच्या. एका डोंगरापुढे तर 'दृश्य पाहणे: बारा मिनिटे' अशी नोंद होती.

"मग, कधी निघताय?" मी एकदा विचारलं.

"निघायचं?" ते दचकलेच. "तिथे वारा सुटला की बोटी रद्द होतात. एवढा चांगला प्लॅन बिघडेल ना!"

घरी बायकोला हे सांगताना मला हसू आवरेना. ती शांतपणे म्हणाली, "आणि तुझी ती 'पुण्याला परत' फाइल? तिच्यात अजून बालवाड्यांचीच यादी आहे. पोरगी सहावीत गेली."