आपोआप सुरू झालं

मामांच्या छातीत दुखतंय हे त्यांच्या घरच्यांच्या आधी मला कळलं होतं आणि मी काहीच केलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे सारवासारव करता येणार नाही.

नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. फायली तीन खोल्यांतल्या तीन कॉम्प्युटरांवर विखुरलेल्या, पण वापरणाऱ्याला वाटावं सगळं एकाच जागी आहे, अशी व्यवस्था आम्ही मांडली होती. रोजच्या वापरात ती कितपत भरवशाची, हे मोजणं हा माझा एम.ई.चा प्रबंध. फाइल उघडली नाही की वेळ लिहायची, म्हणून एक वही मी लॅबच्या शिपाईमामांकडे दिली. मामा कडेगावकडचे, फौजेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे.

दोन महिन्यांत नोंदी फक्त चार. मी खूश. मग एकदा माझ्या डोळ्यांदेखत स्क्रीन गोठला. चार मिनिटांनी फाइल उघडली, पण मामांनी पेन उचललंच नाही.

"मामा, लिहा ना."

"आवं मॅडम, आपोआप सुरू झालं की! त्याला बंद कसं म्हनायचं? फौजेत चूक झाली की लाल शाईची एन्ट्री, ती जल्मभर ऱ्हाती. तुमच्या वहीत कशाला?"

झाकली मूठ सव्वा लाखाची! माझं भलं व्हावं म्हणून हा माणूस वही कोरी ठेवत होता. मी मात्र चिडून वाट्टेल ते बोलले.

त्याच आठवड्यात ते जिन्यात छाती धरून बसलेले दिसले.

"काय न्हाई. दुखलं जरा. थांबलं आपोआप."

मला मार्गदर्शकांना आकडे दाखवायची घाई होती. "बरं," म्हणून मी वर गेले. पुढेही दोनदा तसंच घडलं, आणि दोन्ही वेळा मी वरच गेले.

दिवाळीला साताऱ्याला घरी गेले. परत आले तर मामा गेलेले. झोपेतच, म्हणाले सगळे. मी कडेगावला भेटायला गेले. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"तुमी रोज संगं हुता. तुमास्नी कायच बोलले न्हाईत?"

"नाही," मी म्हणाले. माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही, याची आजही लाज वाटते.

"आमालाबी न्हाई," त्या म्हणाल्या, आणि माझ्याच पाठीवरून हात फिरवत राहिल्या.