कापराची कॉलर

आमच्या ह्यांना सोलापुरातल्या एका गिरणीच्या कचेरीत कारकुनी मिळायची होती. साहेबानं त्या दिवशी भेटायला बोलावलं होतं. म्हणून ह्यांनी सदऱ्याला वरून गुंडीनं लावायची सेल्युलॉइडची सुटी पांढरी कॉलर आणली. धुवायला नको, ओल्या फडक्यानं पुसली की झालं. पाण्यासाठी नळावर भांडणाऱ्या आमच्या गल्लीत मला ते फारच पटलं.

पुसून मी ती शेगडीजवळ सुकायला धरली. कॉलर पापडासारखी वाकली आणि कापराचा घमघमाट सुटला. घाईघाईनं पाटाखाली दाबून मी ती सरळ केली.

तेवढ्यात देवापुढून सासूबाई ओरडल्या, "अगं, डबीत कापूर न्हाय! कापूरआरती केल्याबिगर त्याला उंबरा वलांडू द्यायची न्हाय मी!"

शेजारी मागावा तर नळावरून अबोला. हे मोरीत अंघोळीला. त्या वयात मी स्वतःला फार हुशार समजत असे. कॉलरीचं दोन बोटं टोक कापलं, आरतीत ठेवलं आणि पेटवलं.

भस्सकन ज्योत उठली ती सासूबाईंच्या भुवईपर्यंत.

"देव पावला की!" त्यांनी हात जोडले, आणि लगेच खोकत अंगणात पळाल्या. डोळे चरचरणाऱ्या धुरानं देव काळवंडले. हे ओल्या पंचानं धावत आले, तेव्हा ज्योत अजून नाचत होती. त्या कॉलरीत कापूर घालतात हे खरंच आहे म्हणे. पण नुसता कापूर नसतो, हे मला त्या सकाळी कळलं.

गुंडीचं भोकच मी जाळलं होतं. मला रडूच फुटलं. नोकरी गेली तर ती मी जाळली, असंच वाटत होतं. मी कॉलर ह्यांच्या गळ्याशी दोऱ्यानं बांधली, वर टाय लावला.

दुपारी हे हसतच आले. साहेबाच्या गळ्यातही तसलीच कॉलर! त्यानं चिरूट पेटवायला काडी ओढली आणि ह्यांनी टेबलावरून वाकून ती फू करून विझवली. साहेब लालबुंद. मग ह्यांनी टेबलावरच्या कात्रीनं आपल्याच कॉलरीचं दुसरं टोक कापून राखदाणीत पेटवून दाखवलं. साहेबानं खुर्चीमागं उडी मारली, कॉलर उपटून काढली आणि उघड्या मानेनं ह्यांना कामावर घेतलं.

पहिल्या पगाराला मी लुगड्याची वाट बघत होते. ह्यांनी हातात ठेवला कापराचा भला मोठा डबा. आणि सहा सुती कॉलरी. त्या धुवायचं पाणी नळावरून मलाच आणायचं होतं.