फोनआधीचा पदर

“थांबा वाईच, पदर घिऊ द्या,” ती बाई पोस्टमास्तरांना म्हणाली. डोक्यावर पदर नीट घेऊन मगच तिने फोन कानाला लावला.

पिंपरीच्या पोस्टात मी बाकावर बसले होते. नव्या कारखान्याला टायपिस्ट हवी होती आणि चौकशी फोनवर करायची होती. इंग्रजी वाक्यं मी घरून पाठ करून आले होते. पण थोड्या वेळापूर्वी पलीकडून ‘हॅलो’ ऐकताच माझी वाचा गेली होती आणि मी फोन ठेवून दिला होता. आता ही बाई त्याच कारखान्याशी बोलत होती.

“रामराम सायेब! बाटल्या धुवायला बाया पायजेत म्हनं. मी येऊ का?” तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल.

“बाई, हळू! तारेतून जातं ते,” पोस्टमास्तर म्हणाले.

“व्हय, व्हय” करत तिने फोनपुढे दोनदा मान लववली. काम मिळालं होतं. माझ्याशेजारी टेकून तिने त्याच पदराने कपाळावरचा घाम पुसला.

“त्यांना पदर कुठे दिसतो?” मी हळूच विचारलं.

“त्यास्नी न्हाई गं, पोरी. मला धीर यावा म्हून घेतला.”

इतक्या मोठ्याने बोलणारीलाही धीर गोळा करावा लागतो, हे कळलं आणि मला एकदम हलकं वाटलं. मी उठले, पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि पुन्हा फोन जोडून मागितला. नमस्कार करून मराठीतच विचारलं. जागा अजून रिकामी होती; भेटायला या, म्हणाले.

पोस्टमास्तरांनी दचकून वर पाहिलं, इतक्या मोठ्याने मी म्हणाले, “उद्या सकाळीच येते!”