इंजिनाचं कण्हणं

हे गेले, त्यानंतर तीन महिने त्यांची गाडी दारात नुसती उभी होती. सेकंडहँड, पेट्रोलवरची. मी अनसिंगच्या शाळेत शिकवते. वाशिमहून रोज बसने जायचे. बसच्या वेळा आणि सासूबाईंच्या दवाखान्याच्या फेऱ्या जुळेनात, तेव्हा मी गाडी चालवायला शिकले.

पहिल्याच आठवड्यात तो आवाज आला. गाडी गरम होऊन जागेवर थांबली की बॉनेटखालून बारीक, लांबत जाणारा सूर निघायचा. एका संध्याकाळी मी फाटक उघडायला उतरले, तर सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"तो कण्हून राह्यला," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

शेवटचा महिनाभर त्यांचा मुलगा असाच कण्हत होता. मला ते आधीच जाणवलं होतं, फक्त मी बोलले नव्हते. त्या दिवसापासून सासूबाई गाडीत बसेनात. दवाखान्यात ऑटोने जायच्या.

पुढे निळसर धूर यायला लागला. दोन गॅरेजवाल्यांनी एकच सांगितलं, इंजिन ऑइल खातंय, खोलावं लागेल. तिसरे मालेगाव रस्त्यावरचे एक म्हातारे मिस्त्री. त्यांनी काहीच खोललं नाही. गाडी चालू ठेवायला सांगितली आणि वाकून ऐकत राहिले. मग ऑइलचं झाकण फिरवलं. ते सुटेना, आतून कोणी धरून ठेवल्यासारखं. जोर लावून उपसलं, तसा आवाज तुटला आणि इंजिन अडखळायला लागलं. झाकण ठेवलं की आवाज परत. शेवटी त्या भोकावर त्यांनी प्लास्टिकची पिशवी धरली, तर ती सर्रकन आत ओढली गेली.

मिस्त्रींनी मला समजावून सांगितलं. इंजिनाच्या पोटात तेलकट वाफ साचते. ती पुन्हा जळायला जाण्याआधी तिच्यातलं तेल वेगळं करणारी एक डबी असते आणि त्या डबीत रबराचा पातळ पडदा. तो फाटला की इंजिन फटीतून हवा ओढतं, म्हणून आवाज. तेलही ओढतं, म्हणून धूर. बाकी इंजिन चांगलं आहे म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "हा आवाज कधीपासून येऊन राह्यला, ताई?"

महिना झाला, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि आठवलं. धनजला एका लग्नाला गेलो होतो. परतताना फाटकापाशी गाडी थांबवून हे म्हणाले होते, "आवाज येऊन राह्यला. तुले ऐकू येते का?" मी दमलेली होते. म्हटलं, "तुमाले भास होते." त्याच दिवसांत ते म्हणायचे, बरगडीखाली काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, अर्धी भाकर जात नाही. त्यालाही माझं उत्तर तेच होतं.

मिस्त्री वाट पाहत होते. "वर्ष झालं," मी म्हणाले.

त्यांनी डबी बदलली. आवाज गेला. धूर मात्र काही दिवस राहील म्हणाले, सायलेन्सरमध्ये साठलेलं तेल जळून संपेपर्यंत.

घरी येऊन मी गाडी चालूच ठेवली आणि सासूबाईंना बाहेर बोलावलं. त्यांनी बॉनेटवर हात टेकला. मी सगळं सांगितलं, पडद्याचं, लग्नाहून परततानाचं, भाकरीचंही. ते मला सांगत राहिले आणि मी भास म्हणत राहिले.

त्यांनी बॉनेटवरचा हात उचलला.

"मलेबी सांगतलं होतं त्यानं," त्या म्हणाल्या. "पोट जड वाटते म्हने. मी ओवा देल्ला."

मग पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसल्या. दवाखान्याचा दिवस होता. मी गाडी मागे घेतली. आरशात धूर दिसत होता.

आता गाडी नीट चालते. तरी अकोला नाक्यावर थांबलो की मी काच खाली करते. त्याही मान किंचित वाकवून बसतात. काय ऐकतोय, हे आम्ही एकमेकींना विचारत नाही.