मामाजींच्या जीपचा काटा

माझे सासरे, आमचे मामाजी, रोज सकाळी दुधाचा गंज, म्हणजे पातेलं, उचलून आधी वास घेत, मग त्यात बोट बुडवत आणि मग माझ्याकडे पाहत. म्हैस घरची, धार काढणारी मी. मधे पाणी घालायला आहे तरी कोण? पण बोललं की ठरलेलं उत्तर, "पाहून घेतलं तं काय बिघडते?"

मला पाहायला आले तेव्हा त्यांनी मला दोनदा चालायला लावलं होतं. पहिल्यांदा साडीत लंगडणं लपलं असेल, अशी शंका. तेव्हाच मला कळायला हवं होतं! रिठदच्या त्या घरात शेजारी हसून बोलला तर "आज गोड काहून बोलून राह्यला?" आणि न बोलता गेला तर "काही तरी लपवून राह्यला." माणसानं करावं तरी काय?

जीव होता तो फक्त त्यांच्या जुन्या जीपवर. रिसोडला माझ्या धाकट्या भावाचं, गजाननचं गॅरेज आहे. जीपचं काम मामाजी त्याच्याकडूनच करून घेत, पण बॉनेटमध्ये डोकं घालून, त्याचा प्रत्येक नट मोजत. गजानन हसण्यावारी न्यायचा. आईवडील गेल्यावर मला माहेर म्हणून तो एकटाच उरला होता, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

एका साली इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा बंद पडला म्हणून गजाननने इंजिनात नवा सेन्सर बसवला. काटा छान चढला, उतरला. आठवड्याने आम्ही पोहरादेवीला निघालो. वाटेत पंख्याचा पट्टा तुटला, बॉनेटमधून वाफेचा लोट उठला, आणि काटा मात्र तळाशी थंड पडलेला! मामाजी रस्त्याच्या कडेला उभे राहून माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मीच इंजिनाखाली जाळ लावला.

"तुया भावानं डाव साधला. खोटा पुर्जा टाकला मले."

तिथूनच फोन लावला. गजानन म्हणाला, "मामाजी, तुमच्यासमोर नवी डबी फोडली ना?"

"डबीत काय होतं, कोणाले ठाव?"

गजाननने फोन ठेवला. त्यानंतर तो आमच्या दारी आला नाही. मी फोन केला की म्हणायचा, "ताई, चोर म्हणून मी त्या घरात कसा जेवू?" मला मामाजींचा असा राग आला होता की त्यांच्या ताटात भाकर टाकताना हात आपटायचा.

भाऊबीज आली. गजानन येणार नव्हता. सकाळीच मामाजींनी हाक मारली, "बाई, स्विच टाक अन् काट्यावर नजर ठेव. आज पुरावाच काढतो." सेन्सरची वायर काढून त्यांनी ती इंजिनच्या लोखंडाला टेकवली. काटा झपकन वर गेला.

"पाह्य! काटा जिता, वायर जिती. मेला तो तुया भावाचा माल!"

त्यांनी सेन्सर उघडून काढला, वायर परत लावली, दुसऱ्या वायरीनं त्याचं अंग इंजिनाला जोडलं आणि माझ्याकडून उकळतं पाणी मागवून त्यात बुडवला. काटा हलणारच नाही, असं ठरवूनच बसले होते जणू. आणि काटा हळूहळू, अगदी शहाण्यासारखा, वर चढला.

"चढला मामाजी," मी म्हटलं. माझ्या आवाजात आनंद होता, लपवला नाही.

ते सेन्सर फिरवून पाहत राहिले. आट्यांवर पांढरा टेप होता, विहिरीच्या मोटारीच्या पाइपला लावतो तो, चांगला जाड गुंडाळलेला.

"याचं अंग लोखंडाले टेकलं तं काटा हालते," ते हळू बोलले. "टेप मंधात आला."

"हा कोणी लावला?"

"म्याच, जीप घरी आणल्यावर. पाणी पाझरन म्हून. गजाननच्या आवळण्यावर भरोसा नव्हता."

टेप सोलून ते मुठीत घेऊन उठले, सेन्सर बसवला आणि जीप घेऊन निघून गेले. कुठे, ते सांगितलं नाही. मला वाटलं, आता टेप कुठे नाल्यात फेकतील आणि वर म्हणतील, मीच दुरुस्त केली. इतक्या वर्षांत माझाही स्वभाव त्यांच्यासारखाच झाला होता.

दुपारी जीप दारात थांबली. पुढच्या सीटवर गजानन! मी धावत पाट मांडला, ओवाळलं, माझे डोळे काही थांबेनात. मामाजी ओसरीवरच बसून राहिले. गजानन कपाळावरचं ओलं कुंकू घेऊन बाहेर गेला आणि त्यांना हाताला धरून पंगतीत घेऊन आला.

"ताई, यायनं माह्या अंगणात सगळ्यांसमोर टेप दाखवला," तो म्हणाला. मग त्यांच्याकडे वळला, "मामाजी, फेकून देल्ला असता तं मले जल्मात समजलं नसतं."

मामाजी ताटाकडे पाहत होते.

"मले तं समजलं असतं ना, बापा."

मागच्या पावसाळ्यात मामाजी गेले. त्यांच्या तिरडीला पुढून खांदा गजाननने दिला, आणि घाटापर्यंत कोणालाही बदलू दिला नाही.