धाकटीच्या बर्फातली ऊब

धाकट्या जावेला प्रयोगशाळेत चिकटवलं ते थोरलीनेच. ध्रुवावरच्या बर्फाचं पाणी यंत्रात घालून त्यातला जड ऑक्सिजन मोजायचा, हे थोरलीचं काम. कडाक्याच्या थंडीत पडलेल्या बर्फात तो कमी, उबेतल्या बर्फात जास्त. थरामागून थर मोजत गेलं की जुनं हवामान कळतं. ध्रुवाची पूर्वापार थंडी थोरलीला तोंडपाठ होती. ध्रुव मात्र तिने पाहिला नव्हता. तिकडे गेली धाकटी.

"मला सगळं ताईंनीच शिकवलं," निघताना धाकटी चारचौघांत म्हणाली. हा टोमणा आहे, हे थोरलीखेरीज कुणाच्याच लक्षात आलं नाही.

धाकटीने पाठवलेल्या बाटल्या आल्या तेव्हा प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले, "नमुने चोख निघाले तर पुढच्या मोसमातही तिलाच पाठवू. नाहीतर तुम्ही आहातच."

'आहातच' थोरलीला दिवसभर टोचत राहिलं. संध्याकाळी खोली रिकामी झाल्यावर तिने एका बाटलीचा टेप सोलला, झाकण काढलं आणि पाणी उजेडात धरलं. एखादा केस, गेला बाजार धुळीचा कण? पाणी मेलं लख्ख. चडफडत तिने झाकण कसंबसं अडकवलं आणि सुट्टीला घर गाठलं.

सुट्टीनंतर त्या बाटलीचा आकडा आला. ध्रुवावर जणू वसंत अवतरला होता. थोरलीला उकळ्या फुटल्या. तिने लगेच फोन लावला.

"अगं, झाकण लावता येत नाही होय तुला? हलकं पाणी उडून गेलंय, जड तेवढं उरलंय. थर उबदार दिसतोय तुझा!"

"पण ताई, मी प्रत्येक झाकणाला टेप गुंडाळलाय. झाकणावर विसंबू नकोस, असं तुम्हीच म्हणायचात ना? वाटेत सुटला का?"

थोरलीने टेबलावरचा सोललेला टेप उचलून कचऱ्यात टाकला.

"आकडा नसेल जुळत तर त्याच थराची दुसरी बाटली आहे बघा पेटीत."

दुसरीत थंडी होती, कडक. प्रमुख दारात उभेच होते. "काय, घोळ?"

"झाकण माझ्याकडून ढिलं राहिलं," थोरली म्हणाली. "नमुने चोख आहेत."

खरं बोललं की बरं वाटतं, असं तिने ऐकलं होतं. काही वाटलं नाही.

घरी सासूबाई हरखल्या होत्या. "धाकटी पुन्हा जाणार म्हणे! नशीब काढलं पोरीने. बोललीस का तिच्याशी?"

"बोलले ना. म्हटलं, परतायची घाई करू नकोस."